बोट उचललं की बंद

ईदला किंवा कुणाच्या लग्नाला आमचं गणगोत जमलं की ही गोष्ट निघतेच. माझी बायको ती अर्ध्या मिनिटात सांगते. "यांनी डबा चुकीचा केला, मग बरोबर केला, मग रॉकेटं उडाली." संपलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. निरीक्षण आणि निष्कर्ष, मधलं काही तिला लागत नाही. मला मात्र पाऊण तास लागतो. कारण चूक माझी होती, आणि आपल्या चुकीबद्दल आपल्याइतकं बारकाईनं दुसरं कोण सांगणार?

बारामतीजवळ जळोचीत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची आणि त्यांचे स्टार्टरचे डबे बनवायचे, हा धंदा. इकडं माळेगावपासून तिकडं कळसपर्यंत उसाच्या रानात पत्र्याचा डबा दिसला, तर तो माझा असण्याची बरीच शक्यता आहे. डबा उघडा दिसला, आत मोटार बंद पडू नये म्हणून लाकडाचा तुकडा कोंबलेला दिसला, तर तो नक्की माझा. पण तो तुकडा शेतकऱ्यानं कोंबलेला असतो, मी नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो.

बायकोची शाळा कळसला. आठवीपर्यंतची. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिराला गेली आणि येताना एक खोकं घेऊन आली. खोक्यात बोटाएवढी कागदी नळकांडी होती, आत दारू दाबून भरलेली. मॉडेल रॉकेटची तयार इंजिनं. बाकीचं रॉकेट आपण करायचं: जाड कागदाची नळी, पुठ्ठ्याचे पंख, आणि वर गेल्यावर उघडायला प्लास्टिकच्या पिशवीची छत्री. माझ्या अम्मीनं ते खोकं बघून विचारलं, "दिवाळी तर झाली की गं?" बायको म्हणाली, "अम्मी, ही दिवाळीची न्हाईत, ही अभ्यासाची आहेत." त्यावर अम्मी म्हणाली, "मग सांभाळून. अभ्यासाच्या गोष्टी जास्त भाजतात."

आठवीच्या अकरा मुलींनी अकरा रॉकेटं केली. इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी मध्ये पडलो.

पहिल्या उड्डाणाला शाळेनं मला मानानं बोलावलं होतं. इंजिन पेटवायची खास तार असते, केसाएवढी बारीक, टोकाला काळा ठिपका; तिच्यातून वीज सोडली की ठिपका भडकतो आणि इंजिन पेटतं. बायको ती तार कशी जोडायची याचा विचार करत बसली होती. मला धीर धरवेना. "अगं, बाणासारखा बाण आहे. उदबत्ती आण," असं म्हणून मी फटाक्याची वात काढली आणि पुढं झालो. जे झालं ते थोडक्यात असं: रॉकेट वर न जाता आडवं गेलं, हेडमास्तरांच्या स्कूटरखालून निघालं, आणि माझी उजवी भुवई अर्धी गेली. अर्धी भुवई पूर्ण गेलेल्या भुवईपेक्षा वाईट. दीड महिना गिऱ्हाइकांना वाटायचं की मी त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर शंका घेतोय.

हेडमास्तर शांत माणूस. आवाज चढवत नाहीत. सही करत नाहीत, एवढंच. त्यांनी आडवं गेलेलं धरून अकराही रॉकेटं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि बायकोला सांगितलं, "मॅडम, लांबून, विजेवर, आणि मला पटेल असं काही असेल तरच. नाहीतर मी सही करणार नाही."

दिवस जात राहिले. फेब्रुवारी उजाडला. मार्चनंतर परीक्षा, आणि परीक्षेनंतर त्या मुली शाळेत राहणारच नव्हत्या. नववीला कुणी बारामतीला जाणार, कुणी इंदापूरला, आणि एकदोघींचं घरात अजून काही ठरलेलं नव्हतं. शाळेच्या मागं एका आबांचं नांगरून सोडलेलं चार एकर रान होतं. वाळकं पान नाही, गवत नाही, रॉकेटला त्याहून चांगली जागा नाही. पण आबांना तिथं ऊस लावायचा होता. "शनवारपातुर थांबतो मास्तरीणबाई," ते म्हणाले होते. "रविवारी सरी सोडणार. मग तुमचं इमान उसात पडलं तर मला म्हनू नका."

म्हणजे शनिवार. शनिवार गेला की रॉकेटं कपाटातच.

बायकोनं मला वहीचा एक कागद दिला. तिच्या शाळेच्या अक्षरात, खाली रेघ ओढून. चावी हवी, आणि ती काढून खिशात टाकता आली पाहिजे. चावी निघाली की सगळं मेलेलं. बटण असं हवं की बोट असेपर्यंत वीज, बोट उचललं की बंद. एक छोटा दिवा, जो जोडणी नीट झालीय हे सांगेल, पण त्याच्यातून जाणारी वीज इतकी थोडी की तेवढ्यानं तार पेटणार नाही. वायर तीस फूट. आणि रॉकेट गेलं नाही तर चावी काढून एक मिनिट कुणी जवळ जायचं नाही.

"ट्रॅक्टरची चावी लावू नका," ती म्हणाली. "ती चमच्यानंही फिरते."

"बरं."

"आणि कागद वाचा."

"अगं, पंचवीस वर्षं डबे करतोय मी."

"म्हणूनच म्हणते, वाचा."

मी वाचला. लग्नपत्रिकेतला मजकूर वाचतात तसा वाचला. तारीख बघितली, ठिकाण बघितलं, बाकी माहीतच असतं.

आता माझ्या डोक्यात काय झालं ते सांगायला हवं, कारण ही चूक पुण्यामुंबईच्या माणसानं केलीच नसती. ती करायला स्टार्टरवाला लागतो. आमच्या भागात डबा म्हणजे काय? शेतकऱ्यानं हिरवं बटण एकदा दाबायचं आणि घरी चहाला जायचं. आत एक रिले असतो, म्हणजे विजेवर चिकटणारी पट्टी. हिरवं दाबलं की ती 'टक्' करून चिकटते आणि स्वतःला स्वतःच धरून ठेवते. बोट काढलं तरी मोटार चालू. बंद करायला लाल बटण. बोट उचलल्यावर बंद पडणारा डबा मी कुणाला दिला असता, तर तो त्यानं माझ्याच डोक्यात घातला असता. त्यामुळं 'बोट उचललं की बंद' हे वाक्य वाचताना मला ती मागणी वाटलीच नाही. मला तो बायकोचा भिडस्तपणा वाटला. नवऱ्याला त्रास नको, साधंच करा, असं. मी मनात म्हटलं, साधं कशाला? हिला फर्स्टक्लास करून देतो.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या धंद्यात नाजूक भागाला वळसा घालायची सवय असते. चावी, टायमर, असलं काही डब्यात असलं की ते सैल होतं, मोटार मध्येच बंद पडते, आणि शेतकरी दुकानात येऊन म्हणतो, "मिस्त्री, तुझा डबा ट्रिप मारतुया." म्हणून पट्टीला धरून ठेवणारी वीज आम्ही चावीतून नेत नाही, सरळ पुरवठ्यावरून घेतो. माझ्या हातानं तसंच केलं. मी हाताला विचारलं नाही, हातानं मला विचारलं नाही.

दोन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. काय सांगू तो उत्साह! भंगारातल्या मोटरसायकलची चावी, तिचीच बॅटरी, हिरवं बटण, लाल बटण, जोडणीचा छोटा हिरवा दिवा, चालूचा लाल दिवा. पत्र्याला निळा रंग. तीस फुटांऐवजी पाणबुडी मोटारीची शंभर फूट जाड केबल. दुकानासमोर केबलच्या टोकाला गाडीचा एक बल्ब जोडला, चार गिऱ्हाइकं गोळा केली आणि हिरवं दाबलं. टक्. बल्ब लखलखला. मी बोट उचललं, दोन्ही हात वर करून दाखवले. बल्ब लखलखतोच आहे. लाल दाबलं, विझला. लोकांनी माना डोलावल्या. एक तात्या म्हणाले, "मिस्त्री, ह्याच्यावर पाच एचपी चालंल का?" मी म्हटलं, "तात्या, ह्याच्यावर चंद्रावर जाता येईल."

बायको त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासत होती. तिनं विचारलं, "चावी काढल्यावर बटण दाबून बघितलं?" मी म्हटलं, "बघितलं. काही होत नाही." खरं होतं ते. चावी काढून हिरवं दाबलं तर काहीच होत नव्हतं. हिरवं दाबून मग चावी काढली तर काय होतं, हे मी बघितलं नव्हतं, आणि तिला मी वेगळा, जास्त भारी डबा केलाय, हेही सांगितलं नव्हतं. सरप्राइज होतं ते.

शनिवारी सकाळची शाळा. आठ वाजता आम्ही रानात. कोवळं ऊन, नांगरलेल्या ढेकळांवरून हलका वारा. मधोमध एका लाकडी फळीवर उभी लोखंडी सळई, सळईवर पहिलं रॉकेट, पिवळ्या रंगाचं. इकडं बांधावर शाळेचं बाक, बाकावर माझा निळा डबा. डब्यामागं चुन्याची रेघ, रेघेमागं अकरा मुली, आणि त्यांच्यामागं अर्धी शाळा. आबा खुर्ची टाकून बसलेले. हेडमास्तर हात पाठीमागं बांधून, स्कूटर मुद्दाम लांब लावून.

"मिस्त्री, आज भुवई आनलीय न्हवं पुरी?" आबांनी विचारलं.

"आणलीय आबा."

"ऱ्हाऊ द्या घरी नेण्यापुरती."

मुली फिदीफिदी हसल्या. हेडमास्तरांच्या ओठांचा एक कोपराही हलला. वातावरण असं होतं की मला वाटत होतं मीच उडेन.

बायकोनं रॉकेटच्या तारेला केबलचे दोन चिमटे लावले, चालत परत आली, चावी घातली. छोटा दिवा लागला. जोडणी बरोबर. मुलींनी आकडे म्हणायला सुरुवात केली, पाच, चार, तीन, आणि शून्याला बायकोनं हिरवं बटण दाबलं.

टक्.

रॉकेट जागचं हललं नाही.

सगळीकडं 'अरेरे' झालं. वाऱ्यानं एक चिमटा निसटला असणार; लांबून तो लोंबताना दिसत होता. बायकोचा चेहरा शांत. बोट उचललं, चावी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि मुलींना म्हणाली, "आता काय करायचं?" मुली एका सुरात: "एक मिनिट थांबायचं!" हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं. मी पाहिलं की त्यांना हे आवडलंय. रॉकेट गेलं नाही, पण शिस्त आवडलीय. मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

मिनिट झालं. चावी मुठीत घेऊन ती रॉकेटकडं निघाली.

मी डब्याजवळ उभा होतो. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का, असं वाटतं तसं. काय राहिलं? पंचवीस वर्षं माझे कान रिलेचा आवाज ऐकत आलेत. चिकटताना एक टक्, सुटताना दुसरा टक्. सकाळपासून मी एकच ऐकला होता.

माझा लाल दिवा उन्हात दिसत नव्हता. मी त्याच्यावर हाताचा आडोसा केला. आडोशाखाली तो लालबुंद पेटलेला होता.

चावी तिच्या मुठीत, आणि केबल जिवंत. तिच्या त्या कागदावर लाल बटण नव्हतंच, म्हणून तिनं ते दाबलं नव्हतं. ती रॉकेटजवळ गुडघे टेकून वाकली होती, निसटलेला चिमटा एका हातात, दुसऱ्या हातानं बारीक तार धरलेली. चिमटा तारेला टेकला की इंजिन तिच्या तोंडासमोर पेटणार.

"हात काढ!" मी ओरडलो. म्हणजे ओरडलो असं लोक सांगतात. मला आठवतं ते इतकंच की बॅटरीची वायर मी दोन्ही हातांनी ओढली आणि ती तुटून माझ्या हातात आली. टक्. हा दुसरा.

ती तशीच गोठली होती, चिमटा तारेपासून वीतभर लांब. मग तिनं चिमटा जमिनीवर ठेवला, उठली आणि चालत परत आली. धावली नाही.

हेडमास्तरांनी विचारलं, "काय झालं?"

खरं सांगतो, माझ्या जिभेवर 'लूज कनेक्शन' आलं होतं. आमच्या धंद्यात ते शब्द प्रत्येक गुन्ह्याला पुरतात. अकरा मुली बघत होत्या. बायकोनं मूठ उघडून चावी दाखवली. "चावी तर माझ्याकडं होती, सर." तिला वाटत होतं की काहीतरी तिचंच चुकलं.

"चावीचा उपयोग नव्हता," मी म्हणालो. "मी डब्याला पकड लावलीय. मोटारीला लावतो तशी. एकदा दाबलं की तो धरून बसतो, आणि चावी काढली तरी सोडत नाही. हिनं कागदावर लिहून दिलं होतं, बोट उचललं की बंद. मीच नाही केलं. मॅडमची काही चूक नाही."

आबा म्हणाले, "म्हंजी दाराला कुलूप हाय, पर भिंतच न्हाय."

"व्हय आबा," मी म्हणालो.

हेडमास्तर रागावले नाहीत. ते खाली वाकून माझी केबल गुंडाळायला लागले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "मॅडम, पुरे," ते म्हणाले. "मुलींना वर्गात घ्या." पिवळं रॉकेट ज्या मुलीचं होतं तिनं मान खाली घातली. दुसरी एक जण कपाट उघडं आहे की बंद, असं काहीतरी कुजबुजली.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलणार. मला तेच हवं होतं. बोलून मोकळी झाली असती. पण तिनं विचारलं, "पकड काढायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"सर, शाळा सुटायला अडीच तास आहेत. तुम्ही स्वतः तपासा. हवं तसं तपासा. पटलं नाही तर मी गप्प कपाट बंद करीन, आणि परत कधी विषय काढणार नाही."

हेडमास्तर केबल हातात धरून उभे. "हवं तसं?" त्यांनी विचारलं.

"हवं तसं."

मी बाकावर डबा उलटा केला आणि आतडी बाहेर काढली. रिले उपटला. लाल दिवा उपटला. लाल बटण उपटलं. आता त्याला कामच उरलं नव्हतं. उरलं ते इतकं साधं की लाज वाटावी: बॅटरी, चावी, बटण, केबल, आणि बटणाच्या दोन टोकांना तो छोटा दिवा. बायको शेजारी उभी राहून कागदावरची एकेक ओळ वाचत होती आणि मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

हिरवं बटण मात्र दगा देऊन बसलं होतं. ते मी दुकानातल्या जुन्या डब्यातून काढलेलं. रानातली धूळ आत गेली असणार. दाबलं की आत जायचं आणि बाहेर यायला रेंगाळायचं. हेडमास्तरांनी ते एकदाच दाबून बघितलं आणि म्हणाले, "हे नको." आता कळसमध्ये बटण कुठं मिळणार? बारामतीला जाऊन येईपर्यंत शाळा सुटली असती.

"असं बटान का," आबा म्हणाले, "जे दाबलं की वाजतं आन् सोडलं की गप?"

"अगदी तसंच."

"मग हाय की माज्या दाराला! बेल हाय. पोरानं बंगला बांधला तवा लावली, चिमणीचा आवाज करती. तीन वर्सं झाली, कुनी हात लावला न्हाय. सगळी फाटकातनंच वरडत्यात."

बंगला रानाच्या कडेलाच. आबांनी मेन स्विच पाडला, मी स्टुलावर चढून बेलचं बटण खोललं, कोरं करकरीत. स्प्रिंग अशी की बोट उचलायच्या आत परत. आत स्वयंपाकघरातून आबांच्या मंडळींचा आवाज आला, "कोन हाय दारात?" आबा म्हणाले, "बेल चोरतोय, तुमचं चालू द्या."

वीस मिनिटांत डबा तयार झाला. निळा पत्रा, मधोमध पांढरं बेलचं बटण, त्यावर घंटीचं चित्र. दिसायला इतका हास्यास्पद की तात्यांनी पाच एचपीचं विचारलंच नसतं. हेडमास्तरांनी बाह्या सरसावल्या. आधी बल्ब लावून बघितला. दाबलं, लागला, सोडलं, विझला. दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं चावी काढली: विझला. हे त्यांनी दहा वेळा केलं. मला वाटलं झालं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "रॉकेटमधली ती बारीक तार असते ना, ती एक सुटी घ्या. चिमटे लावा. आणि तुम्ही स्वतः हातात धरून तिकडं उभे राहा. इंजिन नको, नुसती तार."

"हातात?"

"मॅडमनी हातात धरली होतीच की."

मी तिकडं गेलो. शंभर फूट केबल आणल्याचा पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. एकटं वाटतं हो त्या टोकाला. केसाएवढी तार दोन बोटांत धरून ढेकळांत उभा राहिलो. लांब हेडमास्तरांनी चावी काढून बायकोच्या हातात दिली आणि बटण दाबलं. परत दाबलं. मग दाबतच राहिले, एखाद्या घरी पाहुणे आलेत आणि घरचे दार उघडत नाहीयेत असं. मी तारेकडं बघत होतो, तार माझ्याकडं. काही झालं नाही. मग त्यांनी मला तार जमिनीवर ठेवून परत यायला लावलं, चावी घातली, छोटा दिवा लागलेला नीट वाकून बघितला, दिव्यानं तार पेटत नाही याची खात्री व्हायला सावकाश शंभर आकडे मोजले, आणि मग बटण दाबलं. लांब ढेकळांत 'फट्' झालं आणि धुराचा एवढासा टिपका उठला.

हेडमास्तरांनी खिशातून पेन काढलं. "कागद?" बायकोनं तिचा तोच वहीचा कागद पुढं केला आणि त्यांनी सगळ्यात खालच्या ओळीखाली सही केली.

पिवळं रॉकेट परत सळईवर चढलं. पाच, चार, तीन, दोन, एक. बायकोनं बेल दाबली, आणि मी मान वर करीपर्यंत ते गेलेलं होतं! वर जाताना दिसलंच नाही. फक्त 'फुस्स्' असा कापड फाटल्यासारखा आवाज, धुराची सरळ रेघ, आणि रेघेच्या टोकाला निळ्या आभाळात एक पिवळा कण. अर्धी शाळा किंचाळली. मग वर पुटकन छत्री उघडली, किराणा दुकानाची पिशवी, तिच्यावरची छापील अक्षरं उन्हात चमकत खाली येताना. आबा खुर्चीवरून उठून उभे राहिलेले, टोपी हातात. "आरं तिच्या! गेलं की वो, गेलं!" ज्या मुलीचं ते रॉकेट होतं ती ढेकळांतून पडतझडत धावत सुटली आणि ते झेलून परत आली तेव्हा तिच्या चपला कुठंतरी मागं राहिल्या होत्या.

दुसरं गेलं. तिसरं थोडं तिरपं गेलं आणि आबांच्या बाभळीला लटकलं. चौथं इतकं उंच गेलं की हेडमास्तर "माझ्या स्कूटरकडं नाही ना येत?" असं तीनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा हसत म्हणाले.

पाचवं गेलं नाही.

छोटा दिवा लागला, आकडे झाले, बायकोनं बेल दाबली, आणि सळईवर ते लाल रॉकेट तसंच उभं राहिलं. सगळ्यांनी रॉकेटकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

तिनं बोट उचललं. छोटा दिवा लागून राहिला. तिनं चावी काढली. दिवा विझला. मी हाताचा आडोसा करून बघितलं, मग डब्याला कान लावला. त्या डब्यात आता आवाज करणारं काही नव्हतंच, तरी लावला. मग सरळ उभा राहून दोन्ही हात पाठीमागं बांधले, हेडमास्तरांसारखे. मिनिट जाता जाईना.

"झालं," हेडमास्तर म्हणाले.

ती निघाली. बांध उतरली, ढेकळांतून साडी सावरत गेली, रॉकेटपाशी गुडघे टेकून बसली. तोंड इंजिनापासून हातभर लांब. एक चिमटा काढला, पदरानं पुसला, परत लावला. दुसरा काढला. तार जरा वाकडी झाली होती, ती दोन बोटांनी सरळ केली. घाई नाही, काही नाही. घरी सुईत दोरा ओवते तशी. शेवटी चिमटा तारेला टेकला, आणि काहीच झालं नाही. नुसता वारा होता.

ती उठली, गुडघ्यांची माती झटकली आणि आमच्याकडं चालत येऊ लागली. अर्ध्या वाटेवरून तिनं मुलींना ओरडून विचारलं, "लाल कुणाचंय? ये पुढं. बेल तू दाब."